सुरेखाताईंनी फॉरमॅट मारू दिलं नाही

मंडळी, आज बेलापूरच्या ऑफिसात माझी चांगलीच जिरली.

माझी आत्या लग्नांत धवले गायची. ती गाणी एका पेनड्राइव्हमध्ये आहेत. त्यात आज एक फाइल टाकायची होती, पण माझा लिनक्स लॅपटॉप पेनड्राइव्हवर काही लिहूच देईना. परमिशनच्या सगळ्या कमांड मारून झाल्या. शेवटी म्हटलं, फॉरमॅटच मारतो.

शेजारच्या टेबलावरून बोनकोड्याच्या सुरेखाताई म्हणाल्या, "थांब. आत काय हाय?"

"आत्याची गाणी. फोनमध्ये कॉपी असेल."

"असेल, का हाय?"

फोन बघितला. नव्हती. आत्याही आता नाही.

ताईंनी आधी सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवली, एक वाजवून बघितलं. मग म्हणाल्या, "परमिशनचं काय नाय. तू इजेक्ट न करता खेचून काढतोस. आत गडबड झाली, म्हनून लिनक्सने लिवनं बंद केलं. आतलं सांभालतोय तो."

ताईंनी ड्राइव्ह अनमाउंट केला, दुरुस्तीची एक कमांड चालवली, परत लावला. फाइल आत गेली.

कमांड मलाही येतात. आधी आत काय आहे ते विचारायचं, हे ताईंना येतं.

तुमच्या माणसांचे आवाज दुसरीकडे ठेवलेले असतील, का आहेत?