पानी पन शुद्ध नाय

विद्यापीठाचे आभार मानायचे तर आधी त्याच्याशी झालेलं भांडण सांगावं लागेल. मला दोनच गोष्टी येतात, पत्रकं लिहिणं आणि भांडणं.

माझी मैत्रीण साताऱ्याकडची. मुलींच्या हॉस्टेलवर राहून भाषाशास्त्रात संशोधन करायची. विषय आमची बोली, म्हणजे आमच्या गावात, बोनकोड्यात, आम्ही घरी बोलतो ती. दर रविवारी आमच्या घरी येऊन माझ्या आत्याला बोलतं करायची आणि रेकॉर्ड करत बसायची. ‘माज्या बोलन्यान काय सोना लागलाय गो?’ असं आत्या विचारायची खरी, पण रविवारी चांगली साडी नेसून तयार असायची.

एका उन्हाळ्यात हॉस्टेलच्या नळाला पिवळं पाणी यायला लागलं. तक्रारी झाल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मैत्रीण आजारी पडली, बरी झाली, पुन्हा पडली. तिच्या वडलांचा फोन आला, ‘पुरं झालं शिक्षान. बॅग भर, न्यायला येतोय.’ एकदा गेली की परत येणार नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी तिथंच, तिच्या खाटेपाशी बसून, पत्रक लिहायला घेतलं. ‘पिवळे पाणी तात्काळ बंद करा’ वगैरे. तिनं पडल्यापडल्याच वाचलं.

‘घरी पानी म्हणतेस, मग इथं पाणी कसं?’

‘हसतील गं.’

‘हसू देत. वाचतील तरी!’

मग आत्याच्या भाषेत लिहिलं: ‘पानी पिवला हाय. तुमी पिवाल?’

दुपारपर्यंत ती ओळ कॅन्टीनमध्ये पोचली. नाटकवाल्या पोरांनी तिला चाल लावली. रसायनशास्त्रातला एक सीनियर, ज्याला मी तोवर घमेंडी समजत होते, पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत घेऊन गेला आणि ‘पिण्यालायक नाही’ असं लिहून, सही करून देऊन मोकळा झाला. कायद्याच्या एकीनं प्रशासनाला द्यायच्या माझ्या निवेदनातल्या शिव्या खोडल्या. मी तिच्याशीही भांडले.

प्रशासनातल्या साहेबांनी निवेदन बाजूला ठेवलं आणि पत्रकच उचललं. ‘विद्यापीठात शिकता ना? आधी शुद्ध लिहायला शिका.’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सर, पानी पन शुद्ध नाय.’

केबिनमधले सगळे हसले. शेवटी साहेबही हसले आणि त्यांनी फोन उचलला. याचा मला अजून राग आहे. आजारी पोरीनं जे होत नव्हतं, ते एका विनोदानं झालं! पण टाकी उघडली गेली, आतून सडलेला पाइप बदलला. एरवी लिफ्टमध्येही एकमेकांना ओळख न देणारी ही माणसं एका मुलीची बॅग भरली जाऊ नये म्हणून धावली होती. मला हे दुसऱ्या कुठल्या आवारात मिळालं नसतं.

वडील आलेच. मैत्रिणीनं नळाखाली ग्लास धरला, त्यांच्यासमोर उजेडात नेला आणि पिऊन टाकला. त्यांनी रिकामा ग्लास तिच्या हातातून घेतला.

‘ऱ्हा,’ म्हणाले. ‘पन रोज फोन करायचा.’