तळमजल्याची खोली

सायकल दौऱ्याच्या तिसऱ्या दिवशी, लातूर एकोणचाळीस किलोमीटर राहिलं असताना मागचं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचं दुकान पत्र्याचं होतं. शेजारच्या दगडी भिंतीच्या सावलीत मी बसलो, तर त्याने हात धरून उठवलं.

“भूकंपापासून भिंतीखाली कुणाला बसू देत न्हाई, साहेब. उन्हात बसा. काळे व्हाल, पण दबणार न्हाई.”

ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत तो म्हणाला, “पोरगी लातूरला क्लासला हाय. सात होस्टेलं फिरलो, तवा तळमजल्यावर दाराजवळची खोली घावली.”

माझा मुलगाही लातुरातच शिकत होता. क्लासचा निकाल, मेस, अंतर, सगळं मी वहीत मांडून पारखलं होतं. त्याची खोली चौथ्या मजल्यावर होती.

ते एकोणचाळीस किलोमीटर मी कुठेही न थांबता कापले.