बोहाड्यात वाकलेला पाय

जव्हारला राजे होते तेव्हाची गोष्ट. माझा नवरा भाताच्या शेतात राब भाजायला ऐनाच्या फांद्या तोडताना झाडावरून पडला नि मांडीचं हाड मोडलं. सासऱ्यांनीच घरी बांबूच्या कामट्या बांधल्या. महिन्याने सोडल्या तर पाय चार बोटं आखूड! मी सासऱ्यांवर इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. त्या बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं होतं, पण राग कुठेतरी काढायला हवा ना.

मग जामसरकडचा हाडवैद्य आणला. हाड अजून पक्कं नव्हतं, म्हणून त्याने ते पुन्हा सुटं केलं, पायाला दगड टांगला आणि दर दोन-तीन दिवसांनी वजन वाढवत पाय ओढत नेला. नवरा दात आवळून कळ सोसायचा. मी सुतळीने दोन्ही पाय मोजायची. होळीच्या सुमाराला टाचा सारख्या आल्या आणि मी गावभर सांगत सुटले. वैद्याने मला बाजूला घेतलं.

"बाई, लांबी आली, ताकद नाही आली. मधे नवं भरलेलं हाड कालचं पोर आहे, बांबूच्या कोवळ्या कोंबासारखं. भाताची लावणी होईपर्यंत त्यावर भार नको."

मला कळलं. पण ऐकणार कोण? वैशाखात आमच्या मोखाड्याचा बोहाडा आला, मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा उत्सव. त्यातलं एक देवाचं सोंग आमच्या घराचं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. घरातल्या पुरुषाने ते नाचवलं नाही तर मान भावकीत जातो. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, दीर कुणी नाही. मी रडले, भांडले, वैद्याचं म्हणणं दहादा सांगितलं. सासरे म्हणाले, सोंग चढलं की भार देव घेतो. नवऱ्याने तर काठीशिवाय अंगणात चालून दाखवलं. पाय बरा झाला हे मीच सगळ्यांना सांगितलेलं. आता कुठल्या तोंडाने अडवणार?

शेवटच्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, त्याचं सोंग निघालं. मुखवटा लाकडी, चांगलाच जड. संबळ वाजू लागला. पहिल्याच फेरीत मला दिसलं, मांडी बाहेरच्या अंगाला वाकत होती. काडकन मोडली असती तर निदान सगळे धावले असते. ही नुसती हळूहळू वाकत होती आणि लोकांना वाटलं, देव झुलतोय. सोंग अंगावर असताना कुणी हात लावायचा नाही, बाईने तर नाहीच. सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले. अशा पाच फेऱ्या झाल्या.

मुखवटा उतरवला तेव्हा त्याने ओठ चावून रक्त काढलं होतं. उभं राहता येईना. वैद्य आला, पाहिलं आणि हाड पुन्हा सुटं करायला नाही म्हणाला. पाय वाकडा तो वाकडाच राहिला, पहिल्यापेक्षाही आखूड. मान मात्र घरात राहिला.

कित्येक वर्षांनी, दोघंच नागली निवडत बसलो असताना, त्याने विचारलं, "तुला दिसलं होतं का गं तेव्हा?"

"नाही," मी म्हणाले.