लोणारचं कुंकू
हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आणि अंबरनाथच्या मोरीत बसल्या बसल्या मला लोणारचं सरोवर आठवतं. बाबा गेले त्या वर्षी आईला माहेरी, लोणारला नेलं होतं. पाणी गुलाबी पडलेलं, काठावर उग्र वास. त्या क्षाराच्या पाण्यात हळद लाल होऊन तिचं कुंकू बनतं, म्हणून आईने देवळातली हळद तळहातावर घेऊन हात बुडवला. माझ्या लेकीने त्या लालीत बोट बुडवलं, "आजी, तुला लावू?" आईने हसून कपाळ पुढे केलं. मीच लेकीचा हात धरला, "नको गं, लोक बघतायत." आई हात धूत राहिली, आणि तो लालच राहिला. आता मी तिच्या फोटोला रोज कुंकू लावते. कुणी बघत नाही.