भाद्रपदाचा रिकामा चौकोन

त्या वर्षी पावसाळा कोरडाच गेला. शहरात टँकर वेळेवर येत नव्हते, पण खुलताबादच्या डोंगरावर झगझगीत दिवे बसवायची मात्र घाई चालली होती. मी चिडून त्या दिव्यांविरुद्ध पत्रक काढायला घेतलं. त्यात आकाशाचे दोन नकाशे छापायचे होते, एक शहरातून काढलेला, एक डोंगरावरून.

त्यासाठी भाद्रपदा नक्षत्रांचा चौकोन निवडला. चार कोपऱ्यांना चार तारे, आणि मधे डोळ्यांना दिसतील तेवढीच टिंबं. पुस्तकातून उतरवायचं नाही, हा माझा नियम. शहरात, सिडकोतल्या माझ्या गच्चीवरून चौकोन रिकामाच निघाला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मी आणि माझी पाचोड गावची मैत्रीण डोंगरावर गेलो. तिथं मला चौकोनच सापडेना. शहरातल्या मोजक्या ताऱ्यांवर शिकलेली मी, त्या गर्दीत पार हरवले. मैत्रिणीनं माझा हात धरून कोपरे दाखवले. मग मी आतली टिंबं मांडायला लागले. एक मांडावं, तर शेजारी आणखी एक उमटायचं. माझा राग कधी निवळला, कळलंच नाही. मी श्वासही हळू घेत होते.

"पत्रक काढतीस का गोधडी शिवतीस?" मैत्रीण म्हणाली.

"लई आहेत गं."

"व्हय, पण खाली घोषणा कोणती टाकायची?"

घरून लिहून आणलेली घोषणा मी तिला वाचून दाखवली. त्या आकाशाखाली ती फारच खुजी वाटली. शेवटी पत्रकात दोन्ही चौकोन छापले, आणि खाली एवढंच लिहिलं: दिवे बसायच्या आत एकदा वर येऊन बघा.