दोघांच्या गोळ्या
भिजवलेला सब्जा दिसला की मला वहिनीचं पहिलं दुखणं आठवतं. लघवीला आग होते म्हणून ती पाणीसुद्धा पिईना, तेव्हा आई म्हणाली, "उन्हाळी लागली असेल," आणि तिला सब्जाचं पाणी देत राहिली. उतार पडेना, म्हणून मीच तिला रेवसहून अलिबागला नेलं. लघवीचा आणि स्रावाचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मूत्रमार्गाला सूज आहे. संसर्ग बहुधा मिस्टरांकडून आलाय. दोघांनीही गोळ्या घ्या, नाहीतर पुन्हा होईल." परतताना रिक्षात, खाऱ्या वाऱ्यात तोंडाशी पदर धरून वहिनी म्हणाली, "मी न्हाय सांगणार. माझ्यावरच उलटंल." म्हणून ड्रायव्हर असलेला दादा बंदरावरून मालाचा ट्रेलर घेऊन घरी आला तेव्हा त्याला मीच सांगितलं. त्याने ताटावरून मान वर केली आणि वहिनीला विचारलं, "हे कुठून आणलंस?" आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. वहिनीने एकटीनेच गोळ्या घेतल्या, बरी झाली, आणि दादा पुढच्या खेपेहून घरी येऊन गेल्यावर पुन्हा आग सुरू झाली. असं किती वेळा झालं. आता मी "डॉक्टरकडे चल" म्हटलं, की भांडी घासता घासता ती म्हणते, "कशाला? शनिवारी येतायत ते."