विहिरीच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण

माणूस मुळात दुष्ट आहे असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाकडे तुम्ही कधी जेवायला गेला आहात का? मी संगमनेरला वडिलांच्या मावसभावाकडे पुष्कळदा गेलो. मनुष्यजातीबद्दल इतकं वाईट बोलणारा आणि ताटात इतकं तूप वाढणारा दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल.

काका दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. तिथे पाण्याच्या एका बाटलीवरून एकाच गावच्या दोन शिपायांचं काय झालं, हे ते कधीच पुरतं सांगत नसत. परत आल्यावर ते शाळामास्तर झाले आणि त्यांनी एकच कादंबरी लिहिली. तिच्यात दुष्काळात एका गावात एकच विहीर उरते. साधी, देवभोळी माणसं हळूहळू जनावरं होतात आणि शेवटी दुसऱ्याला पाणी मिळू नये म्हणून तीच विहीर दगडांनी बुजवतात. कादंबरी कॉलेजात अभ्यासाला लागली आणि काकांचा जन्मभराचा सिद्धान्त पक्का झाला. मग ते तो जिथे तिथे तपासत. लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे आधी कुणाचा हात जातो ते बघत उभे राहत आणि स्वतः उपाशी घरी येत. वर्गातून मुद्दाम बाहेर पडून खिडकीतून डोकावत, आणि मुलं शांत बसलेली दिसली की हिरमुसत. घराला मात्र कधी कुलूप नाही. काकू म्हणायच्या, "सगळं जग चोर, आणि शेजाऱ्याला दिलेला कंदील परत मागायला यांना लाज वाटते."

मी तेव्हा पत्रकं लिहीत असे. माणूस वाईट नाही, त्याला उपाशी ठेवणारी व्यवस्था वाईट आहे, असं माझं ठाम म्हणणं होतं, आजही आहे. "काय पत्रकवाले, क्रांती कुठवर आली?" ते विचारत. "राहुरीपर्यंत," मी म्हणे. "मग आपल्याकडे यायला वेळ आहे. रस्ता खराब आहे."

बहात्तरचा दुष्काळ पडला. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची होती. "चल, माझी कादंबरी खरी होताना बघू," म्हणून काका माझ्याबरोबर खर्ड्याकडच्या एका गावात आले. पाण्याच्या टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागली होती. मधेच एका हंड्याशेजारी एक दगड होता. काकांनी तो बसायला ओढला, तशी एक बाई म्हणाली, "गुर्जी, त्यो दगुड हलवू नका. सोनाबाईचा नंबर हाय."

"त्या कुठे आहेत?"

"तापानं पडल्यात. दगडाला काय ताप येत न्हाई."

टँकर आला, तो अर्धाच भरलेला. बायांनी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या, दोघी झिंज्यांवर आल्या. काका पुढे वाकून बघत होते. पण रांग सरकली की, शिव्या देतादेताच, जी मागे असेल ती सोनाबाईचा हंडा उचलून पुढे ठेवी आणि पायानं दगड ढकली. शेवटच्या दोघींना पाणी मिळालं नाही. सोनाबाईचा हंडा भरला.

परत आल्यावर काकांनी प्रकाशकाला थांबायला सांगितलं. शेवटचं प्रकरण बदलायचं होतं. महिन्यांमागून महिने ते लिहीत आणि फाडत राहिले. "वाईट लिहिताना शब्द आपोआप येतात रे," ते मला म्हणाले. "चांगलं लिहायला बसलो की कीर्तन होतं. तू लिहून बघ. तुला सवय आहे." मी एका बैठकीत लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यात एकही बाई शिवी देत नाही. मग हे खरं कोण मानेल?"

गेल्या पावसाळ्यात काका वारले. प्रकाशकाने जुन्याच शेवटाची आवृत्ती काढली, आणि मुलं परीक्षेत लिहितात की लेखकाचा माणसावर विश्वास नव्हता. व्यवस्थेवर मी दहा पत्रकं काढीन, पण ते एक प्रकरण माझ्याच्याने होत नाही.

म्हणून एक मागणं आहे. ती कादंबरी हातात आली तर शेवट वाचा, आणि मागच्या कोऱ्या पानावर तुमच्या गावच्या टँकरपाशी तुम्ही जे पाहिलंत ते लिहा. मग पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्या. फक्त शिव्या गाळू नका.